मुकादम असा बोलत नसतो

एप्रिल उजाडला की आमच्या वाचनालयात लेकरांची गर्दी वाढते. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव हे. दसरा-दिवाळीला ऊसतोडीसाठी गेलेल्या टोळ्या तोवर माघारी आलेल्या असतात. फडात नाहीतर हंगामी वसतिगृहात पाच-सहा महिने काढलेली पोरं दुपारच्या उन्हाला कंटाळून पंख्याखाली येऊन बसतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी नववीतला एक मुलगा कुमारांसाठीची एक कादंबरी घेऊन माझ्या टेबलाशी आला. कादंबरी ऊसतोडीवरचीच होती. त्यातल्या मुकादमानं, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदारानं, उचल म्हणून आगाऊ दिलेले पैसे फिटले नाहीत म्हणून एका बाईला वाटेत अडवलं होतं आणि तो तिला म्हणत होता, "अगं दुष्टे, माझे पैसे कधी देणार आहेस?"

मुलानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई, मुकादम असा बोलत नसतो." एवढं बोलून त्यानं पुस्तक मिटलं आणि कपाटात ठेवून दिलं. पुढं वाचलंच नाही.

त्याच महिन्यात एक वडील आपल्या आठवीतल्या मुलीनं नेलेलं पुस्तक परत घेऊन आले. त्यात चार ठिकाणी पेन्सिलीनं गोल केले होते. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "मॅडम, घरात आम्ही लेकरांसमोर असं बोलत नाही. मग हे छापलेलं कसं चालतं?" गोल केलेले शब्द मी पाहिले. दोन आईवरच्या शिव्या होत्या, एक 'भाड्या' होता आणि चौथा नुसता 'आयला' होता.

मुलाचं म्हणणं मला पटलं आणि त्या वडिलांचा प्रश्नही रास्त वाटला. पौगंडातल्या मुलांच्या पुस्तकात कडक भाषा असावी की नसावी हा वाद जगभर याच दोन टोकांत चालतो. तो नेमका कशावर आहे, कायदा काय म्हणतो, अभ्यासातून काय दिसलं, हे समजून घ्यायला मला स्वतःलाच बरेच दिवस लागले. ते इथं सांगते.

आधी हे वय बघू. साधारण बारा ते अठरा. इंग्रजीत यासाठी 'यंग अडल्ट' नावाचं स्वतंत्र कपाट आहे. लहान मुलांचं आणि मोठ्यांचं यांच्या मधलं. आपल्याकडं बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतं, कुमार साहित्य हा शब्दही जुना आहे, पण कपाट कायम अर्धंच भरलेलं. आपली पोरं परीकथेवरून थेट जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवर उडी मारतात, किंवा वाचणंच सोडतात. या मधल्या वयाला आपल्या घरातलं, आपल्या रस्त्यावरचं जग पुस्तकात सापडावं असं वाटत असतं. आणि ते जग पुस्तकात आलं की त्याची भाषाही मागोमाग येते.

अमेरिकेत हा वाद फार तापलेला आहे. तिथं पालक शाळेकडं लेखी तक्रार करून पुस्तक काढायला लावतात, ग्रंथपाल त्याविरुद्ध उभे राहतात, आणि १९८२पासून तिथं दरवर्षी बंदी घातलेल्या पुस्तकांचा आठवडा पाळला जातो. २०१२ साली ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी कुमारवयीनांच्या खपाच्या यादीतली चाळीस पुस्तकं घेतली आणि त्यांतल्या शिव्या चक्क मोजल्या. पस्तीस पुस्तकांत निदान एक तरी शिवी निघाली. सरासरी काढली तर एका पुस्तकात अडतीस. सिनेमावर जसं वयाचं प्रमाणपत्र असतं तसं पुस्तकाच्या मलपृष्ठावर काही का नसावं, असा प्रश्न संशोधकांनी विचारला. त्यावर लेखक आणि ग्रंथपाल दोघंही तुटून पडले. मोजणीनं पुस्तक कळत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शिव्या देणारी पात्रं न देणाऱ्यांपेक्षा बहुधा श्रीमंत, देखणी आणि वरच्या थरातली दाखवलेली होती. म्हणजे तिथं काळजी अशी की पोरगं वाचेल आणि त्याला वाटेल, असं बोललं की आपण भारी दिसू. आपल्याकडची पुस्तकं आठवून बघा. मराठी मुलांच्या गोष्टीत शिवी कोण देतं? दारुडा बाप, ट्रकचा क्लीनर, झोपडपट्टीतला दांडगा पोरगा. चांगल्या घरातलं माणूस शुद्ध बोलतं आणि गरीब माणूस घाण बोलतं, हे आपण न बोलता शिकवत आलो. तिकडची काळजी जशीच्या तशी उचलून आणली तर आपला खरा घोटाळा नजरेआडच राहील.

आमच्या भागात तो घोटाळा आणखी एका पायरीनं वाढतो. इथं नुसती बोलीसुद्धा घाण भाषा म्हणून मोजली जाते. 'कामून', 'म्या', 'व्हतं', 'लिव्हलं' असं पुस्तकात आलं की "हे असलं मुलांना वाचायला नको" म्हणणारी माणसं मला शाळांत भेटली आहेत. बोली वेगळी आणि शिवी वेगळी, इतकी साधी गोष्ट दर वेळी नव्यानं सांगावी लागते. माझी आजी आम्हाला जेवायला हाक मारायची ती "ये मुडद्या, दोन घास खाऊन जा की" अशी. शब्दकोशात मुडदा म्हणजे प्रेत. आजीच्या तोंडी त्याचा अर्थ माझं लेकरू एवढाच. हाच शब्द सावकारानं दारात उभं राहून उच्चारला की अंगावर काटा येतो. कोण म्हणतंय आणि कुणाला, हे बाजूला ठेवून शब्दावर गोल करणाऱ्याला आजी आणि सावकार सारखेच दिसतात.

शिवी या एका शब्दाखाली आपण चार वेगळ्या जातीची भांडी ठेवतो. 'आयला', 'च्यामारी' हे उद्गार आहेत. त्यांत कुणाला मारायचं नसतं, दगड पायावर पडला की निघतात. इंग्लंडातल्या कील विद्यापीठात २००९ साली विद्यार्थ्यांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवायला लावलं, तेव्हा शिवी पुटपुटत राहणाऱ्यांनी साधा शब्द म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ कळ सोसली. दुसरा प्रकार शापांचा. "तुला पटकी येवो", "तुझं वाटोळं होवो". पटकी म्हणजे कॉलरा. एकेका साथीत गावंच्या गावं ओस पडायची त्या काळातली ही शिवी, आणि आता ती म्हणणाऱ्या कितीजणांना अर्थ ठाऊक असतो कोण जाणे. तिसरा प्रकार बाईच्या देहावरून, आईबहिणीवरून दिलेल्या शिव्यांचा. भांडण दोन पुरुषांचं आणि त्यात नाव निघतं घरात भाकरी थापत बसलेल्या बाईचं. चौथा प्रकार जातीचं नाव घेऊन हिणवण्याचा. याला तर १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवाचक शिवीगाळ केली की तो लागतो.

आता गोल करणाऱ्या पेन्सिलीतून काय निसटतं ते पाहा. त्या वडिलांनी आणलेल्या पुस्तकातच एक आत्या होती आणि सगळं गाव तिला 'वांझोटी' म्हणायचं. पुस्तकात त्यावर कुणी काही बोलत नाही, लेखकसुद्धा नाही. तो शब्द तीन वेळा आला होता आणि त्याभोवती गोल नव्हता. आपल्या स्वच्छ समजल्या जाणाऱ्या बालगोष्टींतही 'हेकण्या', 'काळी', 'जाड्या', 'बोबड्या' या नावांची पात्रं हसू आणायला येतात. वर्गात डोळ्यानं तिरळं असलेलं एक लेकरू बसलेलं असतं. 'आयला'नं त्याला काही होत नाही. 'हेकण्या'नं ते दिवसभर पाटीतून मान वर काढत नाही.

पूर्वी सगळं सोज्वळ होतं असं म्हणणाऱ्यांनी पैठणला जाऊन यावं. सोळाव्या शतकात तिथं एकनाथांनी भारुडं लिहिली. भवानीआईला रोडगा वाहीन असा नवस बोलणारी सून सगळ्यांना माहीत आहे. ती देवीकडं काय मागते? गावाला गेलेला सासरा तिकडंच खपव, जावेला बोडकी कर, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे. शेवटी एकटीच राहू दे म्हणते, आणि त्या एकलेपणातच परमार्थ आहे. नाथांना सोज्वळ सून लिहिता आली नसती का? पण रात्रीच्या कीर्तनाला बसलेल्या बायकांनी ती ओळखली नसती. आमच्याकडं आजही सातवी-आठवीच्या मुली गॅदरिंगला हे भारुड टिपेच्या आवाजात म्हणतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

पुढं १९७०नंतर दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या लेखकांनी मराठी भाषेचं दार सताड उघडलं. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोलीस झडती घेताना काय बोलतात, गावकरी काय म्हणून हाक मारतात, हे त्यात आहे तसं आहे. ते शब्द गाळले असते तर त्या लेकराचं लहानपण कुणाला कळलं असतं? ही पुस्तकं कुमारांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत, पण अकरावी-बारावीची माझी हुशार पोरं ती मागून नेतात आणि मी देते.

कायद्याचा भाग लोकांना सगळ्यात अवघड वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगते. आपल्या कायद्यात शिवी छापणं हा वेगळा गुन्हा नाही. गुन्हा आहे अश्लील मजकूर प्रसिद्ध करणं किंवा विकणं. जुन्या दंडसंहितेत हे कलम २९२ होतं, १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते २९४ झालं. विज्ञान, साहित्य, कला यांच्या हितासाठी असलेल्या लेखनाला त्यात सूट आहे. त्याच्या पुढचं कलम मुलांविषयी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला अश्लील वस्तू विकली किंवा दिली तर पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या कायद्यात ही वयाची मर्यादा वीस वर्षं होती. हे कलम ऐकलं की शाळेतला ग्रंथपाल घाबरतो. पण त्यातला कळीचा शब्द 'अश्लील' आहे, आणि न्यायालयांनी अश्लील आणि ग्राम्य यांच्यात फरक केला आहे.

१८६८ साली इंग्लंडात एक कसोटी ठरली. ज्याचं मन वाईट प्रभावाला सहज बळी पडेल असा वाचक धरायचा आणि त्याच्यावर काय परिणाम होईल ते बघायचं. म्हणजे सगळ्यात कच्च्या मनाच्या मापानं सगळ्यांचं पुस्तक मोजायचं. भारतानंही ती कसोटी बराच काळ वापरली. १९८५ साली एका बंगाली कादंबरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ग्राम्य लिखाण वाचून किळस येईल, धक्का बसेल, पण तेवढ्यानं ते अश्लील ठरत नाही. लैंगिक उल्लेख आला म्हणून कादंबरी कुमारांसाठी वर्ज्य ठरवली तर त्यांना फक्त धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील, असंही त्या निकालात आहे. २०१४ साली ती जुनी इंग्रजी कसोटी बाजूला पडली आणि आजच्या समाजाची सर्वसाधारण पातळी ही फूटपट्टी आली. मार्च २०२४मध्ये कॉलेजातल्या मुलांवरच्या एका वेब मालिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. तिच्यातली भाषा इतकी कडक की उच्च न्यायालयात ती इयरफोन लावून ऐकावी लागली होती. सर्वोच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला. या शिव्यांचा शब्दशः अर्थ लैंगिक असला तरी बोलणारा त्यातून राग, वैताग, दुःख किंवा उत्साह व्यक्त करत असतो, असं कारण दिलं.

मग लेखकाला पूर्ण मोकळीक आहे का? नाही, आणि त्याचा धडा आपल्या लातूरशीच जोडलेला आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही १९८४ची कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका अंकात पुन्हा छापली गेली. तक्रार पुण्यात झाली, गुन्हा लातूरला नोंदला गेला आणि प्रकरण वर जाता जाता मे २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. अंकाच्या प्रकाशकानं लगेच पुढच्या अंकात माफी मागितली होती, त्यामुळं त्याच्यावरचा आणि मुद्रकावरचा आरोप रद्द झाला. कवीवरचा मात्र राहिला. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घातले तर कसोटी अधिक कडक लागेल, असं न्यायालयानं सांगितलं. हा निकाल मला पटत नाही, कवितेला तेवढी जागा असायला हवी असं मला वाटतं. पण कुमारांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यानं तो माहीत करून घ्यायला हवा.

खरं सांगायचं तर मुलांच्या पुस्तकावर आपल्याकडं न्यायालयापर्यंत जायची वेळच फारशी येत नाही. कात्री त्याआधीच चालते. मुलांची मराठी पुस्तकं मोठ्या प्रमाणात शाळा आणि अनुदानावर चालणारी वाचनालयं घेतात. एका तक्रारीनं शंभर प्रतींची खरेदी अडेल या धास्तीनं संपादक 'आयला' खोडतो, लेखक पुढच्या वेळी स्वतःच लिहीत नाही, आणि मुकादम "अगं दुष्टे" म्हणायला लागतो.

सिनेमासारखा वयाचा शिक्का पुस्तकावर मारावा का? चित्रपटांना आता सात, तेरा आणि सोळा वर्षांचे वेगवेगळे दर्जे मिळतात, आणि ओटीटीवर भाषेचीही सूचना येते. पुस्तकांना असं काही नाही. मला शिक्का नको आहे, आणि त्याचं कारण आमच्याच कपाटात आहे. कुण्या वाचकानं एका कादंबरीतले शब्द बॉलपेननं गच्च काळे केले होते. ते पान उलटं करून मागून बोट फिरवलं की अक्षरं हाताला लागतात, उजेडासमोर धरलं तर वाचताही येतात. सगळ्या पुस्तकात तेवढंच पान बोटांच्या मळानं काळपट झालं आहे. बाकीची पानं कोरी करकरीत. त्या कादंबरीत एक मुलगी वडिलांच्या आत्महत्येनंतर बैल विकायला बाजारात जाते. तो प्रसंग अतिशय सुंदर लिहिला आहे, आणि तिथपर्यंत कुणी पोचलेलंच नाही.

शिक्क्याऐवजी मी नोंदवहीत पुस्तकाच्या नावापुढं दोन ओळी लिहून ठेवते. कथा कशाची आहे, भाषा कशी आहे, कुणी कुणाला काय म्हणतं. पालकानं विचारलं तर तेच वाचून दाखवते. त्या वडिलांनाही दाखवलं. त्यांनी पुस्तक पुन्हा नेलं नाही, पण मुलीला वाचनालयात यायला बंदीही केली नाही. त्यांचा एक मुद्दा मी त्या दिवशी मानला. एकट्यानं वाचणं आणि वर्गात मोठ्यानं वाचणं यांत फरक आहे. आईबहिणीवरची शिवी शिक्षकानं वर्गात वाचली की मागच्या बाकावरून खसखस पिकते आणि मुली वहीत तोंड घालतात. पुस्तकात ती कितीही योग्य जागी असली तरी त्या चाळीस मिनिटांत ती त्या मुलींवरच येऊन पडते. म्हणून जाहीर वाचनाला मी पुस्तकं वेगळी निवडते. निवडलेल्या पुस्तकातली ओळ मात्र गाळत नाही.

लिहिणाऱ्याकडं वाटा बऱ्याच असतात. "त्यानं आईवरून शिवी दिली" एवढं सांगून पुढं जाता येतं. फुल्या मारता येतात, पण फुल्यांचं कोडं सोडवण्यात पोरांचं निम्मं लक्ष जातं, मला त्या आवडत नाहीत. त्या माणसाच्या बोलीतली, त्याच्या धंद्यातली शिवी शोधता येते. किंवा नेमका तोच शब्द एकदाच, जिथं चुकवणं म्हणजे खोटं बोलणं होईल तिथं, लिहिता येतो. मी हे सगळं त्या नववीतल्या मुलाला सांगितलं आणि म्हटलं, "मग तूच लिही ना मुकादम."

आमच्या वाचनालयाचा हस्तलिखित अंक दिवाळीच्या आधी निघतो, टोळ्या जायच्या आत. त्यानं दोन पानांची गोष्ट लिहिली. मुकादमाच्या तोंडी एक ओळ होती, जशी तो बोलतो तशीच. तिच्यात एक शब्द होता, जो मी इथं लिहीत नाही, कारण ती ओळ त्याची आहे. गोष्ट घेण्याआधी मी त्याला म्हटलं, घरी वाचून दाखव. दुसऱ्या दिवशी तो आईलाच घेऊन आला. ती दाराशी चप्पल काढून तिथंच बसली. वर ये म्हटलं तरी आली नाही. मुलानं गोष्ट वाचली, त्या शब्दाशी थबकला, आणि वाचून पुढं गेला.

"तसंच म्हणला व्हता त्यो," आई म्हणाली. थोडा वेळ गेला. "पर तव्हा म्या मान खाली घातली व्हती. तुझा बाप बी तिथंच हुबा व्हता. ते बी लिव्ह."

पोरगं तिथंच फरशीवर बसलं आणि त्यानं माझ्याकडून पेन मागून घेतलं.